पहिलं दळण

मंगळवारी पहाटे, लाईट जायच्या आत
करीमचाचा चक्की उघडतात, फक्त माझ्यासाठी.
रात्रीच झाडून ठेवलेली असते,
पण दगडाच्या टाक्यांत गहू बसलेला असतोच.
म्हणून पहिली दोन किलो ज्वारी
नुसती दगड धुवायला.
ते पीठ म्हशीला.
बाबा म्हणतात, तुझ्या आजारावर म्हैस पोसली.

त्याआधी चार वर्षं
मी प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढं,
झेंड्याच्या दोरीपाशी.
माझ्याहून लहान पोरी एकेक करून मागं सरकत गेल्या.
हातपाय काड्या, पोट डफड्यासारखं.
जंताच्या गोळ्या झाल्या, लाल गोळ्या झाल्या,
मामीनं मीठ-मोहरी ओवाळली.
"नखरे हायेत पोरीचे, जेवाले नको."
आणि नखऱ्यांवर उपाय म्हणून आई
गरम पोळी दुधात कुस्करून
स्वतःच्या हातानं भरवायची.
रोज.
तूप जास्त घालून.

नागपूरला नळी घातली घशातून.
सिलियाक, मॅडम म्हणाल्या, गहू बंद, जन्मभर.
आईनं विचारलं, "सणाले तरी?"
परतीच्या बसमध्ये ती बोलली नाही.
कळंबला गाडी थांबली,
तिनं सवयीनं पिशवीतून बिस्किटं काढली,
पुडा फाडला,
माझ्याकडं पाहिलं,
आणि खिडकीतून अख्खा पुडा फेकला.
एक कुत्रं लगेच आलं.

राशनवर गहू येतो. ज्वारी विकत.
शिवार सगळं सोयाबीनचं,
बाबांनी विहिरीजवळचा तुकडा मला दिला,
म्हणजे ज्वारीला.
शाळा सुटली की मी तिथं ताट वाजवते,
पाखरं उडतात, पुन्हा बसतात,
त्यांनाही तेच पथ्य असल्यासारखी.
आबाजी हसतात:
"आमच्या टायमाले गहू म्हंजे पाव्हणा आला तं.
भाकर झाकून खात होतो आमी, लाजेनं."
मी पण झाकूनच खाते, आबाजी.
डब्याचं झाकण अर्धं उघडून.

मारुतीच्या पारावर रोडगे होते चैत्रात.
गोवऱ्यांच्या आरात भाजलेले,
फोडले की वाफ.
मी घरून भाकर नेली, वांग्याची भाजीही घरचीच,
कारण त्यांच्या भाजीत हिंग, आणि हिंगात मैदा.
हे कुणाला सांगत बसणार?
वाढणारे काका पुढं आले, "घे वं, येवढ्याशानं काई होत नाई,
देवाचं हाय."
पत्रावळीवर हात आडवा धरला मी.
ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले.
गौतमीनं माझा रोडगा उचलला
आणि स्वतःचा संपायच्या आत खाल्ला.
तिला मी त्याबद्दल अजून काही म्हटलं नाही.

खोटं का बोलू,
दारव्ह्याच्या स्टँडवर समोसा खाल्ला होता मी.
सगळ्या खात होत्या. दोन खाल्ले.
पेपरमध्ये एक मी सोडून सगळ्यांसारखी, असं वाटलं
साधारण वीस मिनिटं.
मग तीन दिवस परसात फेऱ्या,
आणि आईला सांगितलं, पाणी बदललं म्हणून.
तिनं मान हलवली.
माझ्या ओढणीला तेलाचा वास होता, तो तिनं न बोलता धुतला.

आता दगड गरम झालेत.
दुसरा घाणा माझा.
चाचा डब्यावर खडूनं लिहितात, त्रुशाली,
मी दुरुस्त करत नाही.
झाकण लावताना म्हणाले,
"बेटा, वरच्या मोहल्ल्यातला छोटा आहे ना,
कैलास ठोंबऱ्यांचा.
पेट ऐसाच है उसका. तू जाऊन पाह्य एकदा."

सायकलच्या कॅरिअरला डबा, पीठ अजून कोमट.
पहिल्या तासाला भूमितीची चाचणी.
तरी वर वळले.
पोरगं उंबऱ्यावर बसलं होतं, उघडं,
पोटावरची एक निळी शीर मला ओळखीची वाटली.
आत त्याची माय
वाटीत पोळी कुस्करत होती, दुधात.
तुपाची वाटी शेजारी.

काकू, म्हटलं.
तिनं वर पाहिलं, हसली.
आणि पुढचं वाक्य
कुठून सुरू करावं
मला कळेना.